अफिलिएट नेटवर्कची ‘काटामारी’: आपल्या ऑर्डर कमी दाखवल्या जात आहेत, हे खात्रीने कसे ओळखावे?

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षे मी चादरी, टॉवेल, पडदे, नॅपकिन अशा घरगुती कापडाविषयी मराठीत माहिती देणारे एक छोटे संकेतस्थळ चालवतो. वाचक माझ्या लेखातील लिंकवरून दुकानाच्या साइटवर जातो, खरेदी करतो आणि त्या खरेदीवर मला कमिशन मिळते. दुकान आणि मी यांच्यामध्ये एक अफिलिएट नेटवर्क आहे. ऑर्डरची मोजणी त्याच्याकडे, हिशेब त्याच्याकडे आणि पैसेही त्याच्याच हातून येतात. म्हणजे विकलेल्या मालाचे वजन करणारा आणि त्या वजनावर पैसे देणारा एकच आहे, आणि हीच गोष्ट मला काही दिवसांपासून स्वस्थ बसू देत नाही.

मे महिन्यात माझ्या एका दुकानाच्या लिंकवर ४,२०० क्लिक झाले आणि डॅशबोर्डवर १२६ ऑर्डर दिसल्या. जुलैमध्येही क्लिक ४,२०० च झाले, पण ऑर्डर दिसल्या ८८. लेख तेच, दुकान तेच, कमिशनचा दर तोच. नेटवर्कच्या व्यवस्थापकांना मेल केला, तर ‘आमच्या बाजूने सर्व व्यवस्थित आहे’ एवढेच एका ओळीचे उत्तर आले.

माझे वडील मोहोळ तालुक्यात ऊस करतात. काटामारी हा शब्द आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ट्रॉली कारखान्याकडे नेण्याआधी वडील ती वाटेवरच्या खासगी काट्यावर चढवतात, वजनाची पावती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवतात आणि कारखान्याच्या पावतीशी ती तिथेच, ट्रॅक्टरजवळ उभे राहून ताडून पाहतात. माझा प्रश्न तेवढाच आहे: या व्यवसायात माझा बाहेरचा काटा कोणता? कोणाला अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

सात_रस्ता

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रथम आकड्यांविषयी लिहिते. १२६ वरून ८८ म्हणजे ३८ ऑर्डरची घट. ही घट योगायोगाने होऊ शकते का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. अशा मोजणीत नैसर्गिक चढउतार साधारणपणे त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. दोन महिन्यांची तुलना करताना दोन्ही संख्यांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घ्यावे. १२६ आणि ८८ मिळून २१४, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १४.६. तुमचा फरक ३८ आहे, म्हणजे त्याच्या २.६ पट. निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात साधारण एकदाच दिसतो. तेव्हा तुमची शंका निराधार नाही.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. तुमच्याजवळ चार वर्षांचे, म्हणजे ४८ महिन्यांचे आकडे आहेत. त्यांतून मनाला खटकलेली जोडी निवडली, तर असा एखादा फरक सापडणारच. म्हणून आजपर्यंतच्या आकड्यांवर शंका घ्यावी, परंतु निकाल पुढच्या, आधी ठरवून गोळा केलेल्या आकड्यांवर द्यावा. दुसरी गोष्ट म्हणजे मे आणि जुलै यांची तुलनाच मुळात बरोबर नाही. मे महिन्यात लग्नसराई असते, आहेराला चादरी आणि टॉवेल घेतले जातात. आषाढात ती खरेदी थांबते. या जुलैची तुलना मागच्या जुलैशी करावी.

एक जास्तीची सूचना. महिन्याला दहा-वीस ऑर्डर असणाऱ्यांनी एका महिन्याच्या घटीवरून नेटवर्कवर आरोप करू नये. २० च्या जागी १४ दिसल्या, तर तीस टक्के ऑर्डर गेल्यासारखे वाटते, पण ३४ चे वर्गमूळ ५.८ आहे आणि तुमचा फरक ६ आहे. अशा मंडळींनी किमान सहा महिन्यांचे आकडे एकत्र केल्याशिवाय काहीही ठरवू नये.

होटगी_रोड

मी दुकानांच्या साइट तयार करण्याचे काम करतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहितो. वाचकाने तुमची लिंक दाबली की तो क्षणभर नेटवर्कच्या सर्व्हरवर जातो, तेथे त्या क्लिकला एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकासह तो दुकानात पोहोचतो. दुकानाने तो क्लिक-आयडी ऑर्डर होईपर्यंत सांभाळायचा असतो. ऑर्डर झाली की दुकानाचा सर्व्हर तोच क्रमांक नेटवर्कच्या सर्व्हरला कळवतो, यालाच पोस्टबॅक म्हणतात. जुन्या पद्धतीत हेच काम ‘धन्यवाद’ पानावरचा एक अदृश्य पिक्सेल (डोळ्यांना न दिसणारे चित्र) आणि ब्राउझरमधील कुकी (साइटने तेथे ठेवलेली छोटी नोंद) मिळून करत असत, आणि पुष्कळ ठिकाणी आजही तसेच चालते. या साखळीतील एकही कडी निसटली, तर ऑर्डर दुकानाला मिळते आणि तुमच्या खात्यावर येत नाही.

कड्या निसटण्याची कारणे अनेक आहेत. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१७ पासून अशा कुकींवर बंधने आणायला सुरुवात केली आणि मार्च २०२० पासून तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज इतरांनी ठेवलेल्या, कुकी पूर्णपणे बंद केल्या. ज्या दुकानाची व्यवस्था अजून त्या कुकींवर अवलंबून आहे, तेथे आयफोनवरून झालेली ऑर्डर तुम्हाला दिसणार नाही. इन्स्टाग्राममध्ये लिंक उघडली की ती त्याच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. ग्राहकाने नंतर क्रोममध्ये जाऊन खरेदी केली की दुवा तुटला. ग्राहकाच्या फोनमध्ये दुकानाचे ॲप असेल, तर लिंक थेट ॲपमध्ये उघडते, आणि ॲपमध्ये क्लिक-आयडी वाचण्याची सोय केलेली नसेल, तर त्या सर्व ऑर्डर हातच्या जातात. मुदतीचाही प्रश्न असतो. ॲमेझॉनच्या अफिलिएट कार्यक्रमात क्लिकनंतरचे २४ तासच मोजले जातात. त्या काळात वस्तू कार्टमध्ये घातली असेल, तरच पुढे ९० दिवसांपर्यंत ऑर्डर धरली जाते. महिना-महिना विचार करून पडदे घेणारा ग्राहक तुमच्या हिशेबात येतच नाही.

आता मुद्दाम केलेल्या कापाकापीविषयी. या व्यवसायात तिला शेव्हिंग किंवा स्क्रबिंग म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ती अतिशय सोपी आहे: दर पाचवी किंवा दहावी ऑर्डर अफिलिएटच्या खात्यावर चढवायची नाही, एवढाच नियम सॉफ्टवेअरला द्यावा लागतो.

म्हणूनच गळती आणि कापणी यांतील फरक ओळखण्याचे माझे पहिले साधन सांगतो. गळतीला जागा असते. ती आयफोनवर असते, किंवा ॲपमध्ये असते, किंवा एखाद्या पेमेंट पद्धतीत असते. सॉफ्टवेअरने केलेली कापणी मात्र सहसा सगळीकडे सारखी पसरलेली असते, कारण ती ऑर्डर कोणत्या फोनवरून आली हे पाहत नाही. तुमचे आकडे फोनच्या प्रकारानुसार वेगळे करून पाहा. घट एकाच कोपऱ्यात साचलेली दिसली, तर तेथे गळती शोधा. सगळ्या भागांत सारख्याच प्रमाणात दिसली, तर मात्र शंका बळावते.

यासाठी प्रत्येक लिंकला सब-आयडी (ती लिंक ओळखण्याची तुमची स्वतःची खूण) लावा आणि लिंक स्वतःच्या साइटवरच्या रीडायरेक्टमधून, म्हणजे वाचकाला पुढे दुकानाकडे पाठवणाऱ्या पत्त्यावरून, सोडा, म्हणजे क्लिकची वेळ, उपकरण आणि लेख यांची नोंद तुमच्याच सर्व्हरवर राहील. क्लिकपुरता हा तुमचा बाहेरचा काटा झाला. आणखी एक खबरदारी घ्या. व्हॉट्सॲपच्या गटात लिंक टाकली की तिचे पूर्वचित्र दाखवण्यासाठी व्हॉट्सॲप स्वतः ती लिंक उघडते. फेसबुकचेही तसेच आहे. हे क्लिक माणसांचे नसतात. ते वगळले नाहीत, तर तुमचे प्रमाण उगीच घसरलेले दिसेल.

अशोक_चौक

हे सगळे शोधत बसण्यापेक्षा नेटवर्क बदला. सगळी एकाच माळेचे मणी आहेत.

पूर्वभागकर

अशोक चौककर, आपला राग समजतो, पण नवीन नेटवर्कवरही हाच प्रश्न उभा राहील आणि तेव्हाही हातात काही नसेल.

आमचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि आम्ही ऑनलाइन विक्रीसाठी अफिलिएट नेटवर्क वापरतो, म्हणजे या व्यवहारात मी पैसे देणारा पक्ष आहे. माझ्या बाजूचे दोन मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा असा की दिसलेली ऑर्डर आणि कमिशनपात्र ऑर्डर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे कॅश ऑन डिलिव्हरीचे प्रमाण मोठे आहे. पार्सल दारापर्यंत जाते, ग्राहक फोन उचलत नाही किंवा ‘आता नको’ म्हणतो आणि माल दोन्हीकडचे भाडे खाऊन परत येतो. अशा ऑर्डरवर आम्ही कमिशन देत नाही आणि देऊही शकत नाही. परत करण्याची मुदत संपेपर्यंत ऑर्डर ‘प्रलंबित’ राहते, त्यानंतर ती मंजूर किंवा रद्द होते. तेव्हा तुलना करताना प्रलंबित, मंजूर आणि रद्द असे तिन्ही आकडे घ्या. ऑर्डर दिसून नंतर रद्द झाली असेल, तर कारण मागा. ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. ऑर्डर मुळात दिसलीच नसेल, तर तो निराळा रोग आहे.

दुसरा मुद्दा: कोणाचा फायदा, हे आधी पाहा. दुकानाने ऑर्डर लपवली, तर नेटवर्कचेही कमिशन बुडते, त्यामुळे त्या वेळी नेटवर्क तुमच्या बाजूचे असते. नेटवर्कने दुकानाकडून पूर्ण पैसे घेऊन तुम्हाला कमी ऑर्डर दाखवल्या, तर दुकान तुमच्या बाजूचे असते, कारण त्याला वाटते की आपण दिलेले पैसे तुमच्यापर्यंत पोहोचले. मार्केट यार्डात कांद्याची पट्टी हाती आली की शेतकरी हमाली, तोलाई, सगळ्या कपाती एकेक करून वाचतो आणि शंका आली, तर थेट खरेदीदाराला भाव विचारतो. तुम्हीही दुकानाला थेट विचारा.

आणि त्यासाठी उत्तम साधन म्हणजे फक्त तुमच्यासाठी काढलेला कूपन कोड. तो इतर कोठेही छापलेला नसावा. ग्राहकाने तो वापरला की त्याची नोंद आमच्या बिलावर होते. तिचा नेटवर्कच्या मोजणीशी, कुकीशी किंवा क्लिक-आयडीशी काहीही संबंध नसतो. महिन्याच्या शेवटी दुकानाकडून त्या कोडच्या ऑर्डरची यादी घ्या आणि डॅशबोर्डशी ताडून पाहा. तुम्ही जो बाहेरचा काटा शोधत आहात, तो माझ्या मते हाच आहे.

विजापूर_रोड

मी सहा वर्षांपासून स्वयंपाकघरातील उपकरणांविषयी लिहिते. मला दोन वर्षांपूर्वी अशीच शंका आली होती, तेव्हा मी चाचणी-ऑर्डरींचा मार्ग घेतला. त्यातील खाचाखोचा सांगते.

स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी करणे पुष्कळ कार्यक्रमांच्या नियमांत बसत नाही, काही ठिकाणी घरच्यांनी केलेली खरेदीही चालत नाही, आणि त्यावरून खाते बंद होऊ शकते. म्हणून नियम वाचल्याशिवाय हे करू नका. मी ओळखीच्या अशा लोकांना शोधले, ज्यांना ती वस्तू खरोखरच घ्यायची होती आणि जे नियमांच्या कक्षेबाहेर होते. त्यांना एवढेच सांगितले की माझ्या लेखातून जा आणि ऑर्डर क्रमांक व वेळ मला कळवा. अक्कलकोटच्या एका मैत्रिणीने रात्री अकरा वीसला मिक्सर मागवला आणि मला क्रमांक पाठवला. मी दुसऱ्या दिवशीच्या नोंदींत ती ऑर्डर शोधत बसले आणि ती नाही म्हणून घाबरले. ती आदल्या दिवसातच होती. नेटवर्कचा दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलत होता आणि रात्रीच्या क्लिकची ऑर्डर कोणत्या तारखेला पडते, हे मी उलट समजून बसले होते. तेव्हापासून मी वहीत दोन्ही वेळा लिहिते.

किती ऑर्डर पुरेशा, याचा हिशेब सात रस्ता मॅडमनी तपासावा. समजा नेटवर्क पाचातील एक ऑर्डर गिळते. तर पाच चाचण्या सगळ्याच्या सगळ्या व्यवस्थित दिसण्याची शक्यता जवळजवळ ३३ टक्के उरते, दहा चाचण्यांत ती सुमारे ११ टक्के होते आणि वीस चाचण्यांत एक टक्क्याच्या आसपास येते. म्हणजे दोन-तीन ऑर्डर करून ‘सगळे ठीक आहे’ म्हणणारे स्वतःची फसवणूक करतात.

सात_रस्ता

हिशेब बरोबर आहे. फक्त चाचण्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या फोनवरून आणि पेमेंटच्या वेगवेगळ्या पद्धतींनी कराव्यात, आणि ऑर्डर दिसली की नाही हे पाहण्याआधीच तिची नोंद वहीत झालेली असावी. न दिसलेली चाचणी आठवणीत राहते आणि दिसलेली विसरली जाते; त्यामुळे नंतर आठवून केलेली यादी उपयोगाची नाही.

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवडे मी हेच काम केले. जे हाती लागले, ते जसेच्या तसे मांडतो.

होटगी रोड सरांच्या सांगण्यावरून प्रथम सर्व्हरच्या नोंदी काढल्या. सुदैवाने रीडायरेक्ट पहिल्यापासून माझ्याच साइटवर होता. मे महिन्यातील ४,२०० क्लिकपैकी १२० आणि जुलैमधील ४,२०० पैकी तब्बल ५६० क्लिक माणसांचे नव्हतेच. जूनपासून मी लेखांतील लिंक थेट व्हॉट्सॲपच्या गटांत टाकायला लागलो होतो, त्याचा हा परिणाम. खरे क्लिक मे महिन्यात ४,०८० आणि जुलैत ३,६४० होते. तरीही मेच्या प्रमाणाने जुलैत ११२ ऑर्डर यायला हव्या होत्या आणि आल्या ८८. मागच्या जुलैचे प्रमाण तपासले, ते यंदाच्या मेएवढेच होते, त्यामुळे आषाढाचे कारण माझ्यापुरते बाद झाले.

मग उपकरणानुसार आकडे वेगळे केले. अँड्रॉइडवरून मे महिन्यात २,९०० क्लिकवर ९० ऑर्डर, जुलैत २,६०० क्लिकवर ५५. आयफोन आणि संगणक मिळून मे महिन्यात १,१८० क्लिकवर ३६, जुलैत १,०४० क्लिकवर ३३. म्हणजे सगळी घट एकट्या अँड्रॉइडमध्ये होती आणि इतरत्र काहीही कमी झालेले नव्हते. हे आकडे समोर आले, तेव्हा मी रात्री बराच वेळ तसाच बसून होतो, कारण महिनाभर ज्याला चोर समजत होतो, त्याचे काम असे नसते.

शेजाऱ्यांच्या दोन फोनवर लिंक उघडून पाहिली. एकावर दुकानाचे ॲप नव्हते, तेथे साइट उघडली आणि पत्त्यात क्लिक-आयडी स्पष्ट दिसला. दुसऱ्यावर ॲप होते. तेथे स्क्रीन क्षणभर पांढरी झाली, थेट ॲपमध्ये टॉवेलचे पान उघडले आणि क्लिक-आयडीचा मागमूस राहिला नाही. दुकानाला विचारल्यावर त्यांनी कळवले की जूनच्या मध्यापासून लिंक ॲपमध्ये उघडण्याची सोय सुरू केली आहे आणि ॲपमध्ये अफिलिएटची मोजणी अद्याप जोडलेली नाही.

पूर्वभागकर साहेबांचा कूपनचा उपायही केला. दुकानाने माझ्यासाठी स्वतंत्र कोड दिला. चार आठवड्यांत त्यांच्या बिलांवर त्या कोडच्या ४७ ऑर्डर निघाल्या आणि डॅशबोर्डवर ३८ दिसल्या. राहिलेल्या ९ पैकी ६ ॲपमधून आलेल्या होत्या. वेबवरच्या ३ उरल्या. त्यांतील एक कॅश ऑन डिलिव्हरीची होती आणि ग्राहकाने ती पाठवणीपूर्वीच रद्द केली होती. दुसरी, मी ऑर्डर क्रमांक आणि वेळ पाठवल्यावर, नेटवर्कने दहा दिवसांत खात्यावर जमा केली, कारण मात्र सांगितले नाही. तिसरीबाबत त्यांचे म्हणणे असे की माझ्यानंतर दुसऱ्या एका भागीदाराचा क्लिक झाला होता.

होटगी_रोड

तिसऱ्या ऑर्डरमध्ये ब्राउझर एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा, हात असू शकतो. बहुतेक नेटवर्क शेवटच्या क्लिकला श्रेय देतात. ग्राहक पैसे भरण्याच्या पानावर असताना कूपन शोधून देणारे एक्स्टेन्शन पुढे येते, ग्राहक त्याचे बटण दाबतो, त्या क्षणी एक्स्टेन्शनची लिंक शेवटची ठरते आणि लेख लिहून ग्राहक आणणाऱ्याचे श्रेय पुसले जाते. पेपालच्या मालकीच्या हनी या एक्स्टेन्शनवर डिसेंबर २०२४ मध्ये जाहीरपणे हाच आरोप झाला आणि त्यानंतर अमेरिकेत त्यावर खटले दाखल झाले. नेटवर्क येथे नियमाप्रमाणेच वागले असेल, तरी ‘तो भागीदार कोण आणि त्याचा क्लिक किती वाजता झाला’ एवढे विचारा. पैसे भरण्याच्या काही सेकंद आधीचा क्लिक असेल, तर दुकानाला तो नियम बदलण्याची विनंती करता येते. स्वतंत्र कूपन कोड ज्याचा, श्रेय त्याचे, अशी सोय पुष्कळ नेटवर्कमध्ये असते.

पूर्वभागकर

त्या ६ ॲप-ऑर्डर दुकानाने मान्य केल्या का? बिलावर तुमचा कोड आहे, माल पोहोचला आहे, पैसे आले आहेत. मोजणी जोडायची राहिली, ही दुकानाची चूक आहे आणि तिचा भार अफिलिएटवर टाकणे योग्य नाही, असे मी स्वतः दुकानदार असूनही म्हणतो. जूनच्या मध्यापासूनचे अंदाजे नुकसान मागितले, तर ते टाळाटाळ करतील. सहा ऑर्डर क्रमांक पुढे ठेवलेत, तर नाकारणे त्यांना अवघड जाईल. मुदतही पाहा, कारण न दिसलेल्या ऑर्डरची तक्रार किती दिवसांत करायची, याचा नियम बहुतेक करारांत असतो.

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

सहा क्रमांकांची यादी क्लिकच्या वेळेसह कालच दुकानाला आणि नेटवर्कला एकाच मेलमध्ये पाठवली. करारात तक्रारीची मुदत ६० दिवसांची आहे, त्यामुळे ऑगस्टच्या या ऑर्डर मुदतीत बसतात. जूनमधील ऑर्डरचा हक्क मात्र मी शंका घेत बसण्यात घालवला, याचे वाईट वाटते. ॲपमध्ये मोजणी जोडली जाईपर्यंत अँड्रॉइडवरील वाचकांना मी त्याच मालाच्या दुसऱ्या दुकानाकडे पाठवत आहे, आणि तेथेही पहिल्या दिवसापासून स्वतंत्र कूपन कोड मागून घेतला आहे. सहा ऑर्डरविषयी उत्तर आले की येथेच लिहितो.